दोनशे चौदाचा वास

तीन वेळा दार वाजवायचं, ‘हाउसकीपिंग’ म्हणायचं, मनातल्या मनात दहा मोजायचे आणि मगच किल्ली लावायची, असा नियम होता. नाकताईने दार तीन वेळा वाजवलं, ‘हाउसकीपिंग’ म्हटलं, आणि ती जेमतेम चारवर आली होती तोच आतून कोणीतरी म्हणालं, “कोण आहे?”

हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. गालिच्यावर पडला म्हणून बरं, आवाज झाला नाही. पन्नाशीला टेकलेली बाई, सव्वीस वर्षं याच हॉटेलात काढलेली, एकेकाळी नऊ पोरींना हाताखाली वागवणारी. आणि बंद दारामागून माणूस बोललं म्हणून तिच्या हातून किल्ल्या सुटाव्यात. आत पाहुणी आहे हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. काल दुपारी तिनेच या खोलीतली चादर ताणून बसवली होती, तिनेच उशांना अभ्रे घातले होते. पण ठाऊक असणं निराळं आणि आतून उत्तर येणं निराळं. गेल्या दोन वर्षांत दोनशे चौदाचं हे दार तिने सातशे वेळा तरी वाजवलं असेल, आणि सातशे वेळा ते गप्प राहिलं होतं. रोज नमस्कार करावा अशा दगडाने एके दिवशी ‘काय म्हणता, बरं आहे ना’ विचारावं, तसं तिला झालं. मान लववून ती किल्ल्या शोधू लागली, त्या पायाशीच होत्या, तरी तिला दिसेनात.

रिकाम्या खोल्यांची दारं वाजवत बसायचा हा खुळेपणा कशाला, असं मिस्त्री तिला पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता. विमानं बंद झाली, पाहुणे उठून गेले, चाळीस माणसांचं हॉटेल दोन माणसांवर ठेवून मालकांनी कुलूप लावलं; ती दोन माणसं म्हणजे ही आणि मिस्त्री. उष्ण, दमट गाव, समोर समुद्र. इथे खोली बंद ठेवली की पंधरवड्यात तिला हवा खाऊन टाकते. गादी पाणी पिते, कपाटाच्या मागे हिरवी लव धरते, नळाच्या नळीत साचलेलं पाणी कुजतं. तेव्हा चोपन्न खोल्या एक दिवसाआड उघडायच्या, खिडक्या सताड करायच्या, नळ पाच मिनिटं सोडायचा, फ्लश ओढायचा, पंखा फिरवायचा, दिवे लावून विझवायचे. थोडक्यात, माणूस राहतोय असं खोलीला वाटत राहिलं पाहिजे. मिस्त्री पाण्याचं आणि विजेचं बघायचा, ही बाकीचं. आणि प्रत्येक दारापाशी ही थांबणार, तीन वेळा वाजवणार, दहा मोजणार. “ताई, आत कोण बसलंय, भूत?” तो म्हणायचा. “भुतालाही कपडे घालायला वेळ देता होय?” त्यावर ती म्हणायची, “सवय मोडली की परत लागत नाही, मिस्त्री. उद्या पाहुणे आले आणि मी तशीच धाडकन आत शिरले तर?” उद्या पाहुणे आले तर, हे वाक्य तेव्हा दोघंही गमतीत घ्यायची. पुढे पुढे ते गमतीतही घेईनाशी झाली. ती मात्र दहा मोजत राहिली. त्या दहा आकड्यांत एक वेगळीच शांतता असायची. नळाच्या थेंबाची नाही, पंख्याची नाही, कुणीच नसण्याची. तिला कधीकधी वाटे, आपण दार उघडायला थांबत नाही, ती शांतता ऐकायला थांबतो.

“किल्ल्या पडल्या तुमच्या,” दार उघडून पाहुणी म्हणाली, आणि स्वतःच वाकून तिने जुडगा उचलून दिला. साठी कधीच ओलांडलेली, अंगाने भरलेली, ओले केस मानेवर चिकटलेले, पायाला वाळू. हॉटेल उघडल्यानंतरची ही पहिली पाहुणी. विमानतळावरून हिला घेऊन आलेल्या टॅक्सीवाल्याने रिसेप्शनला सांगितलं होतं की बाई एकटीच आहे, आणि सारखी खिडकीतून बाहेर बघून ‘अरे वा’ म्हणते. तो टॅक्सीवाला म्हणजे नाकताईचाच नवरा. घरी येऊन त्याने पुन्हा तेच सांगितलं, तीन वेळा, दर वेळी नव्याने. त्याला दोष कोण देईल. दोन वर्षं त्याची गाडी गल्लीत ताडपत्रीखाली उभी होती. परवा ताडपत्री काढली तर मागच्या सीटवर मुंग्यांनी वारूळ करायला घेतलं होतं. त्याआधी चार दिवस, दुपारचं जेवण चाललं असताना, आकाशात घरघर झाली. घरातली सगळी माणसं एकदम थांबली. नवरा उष्ट्या हाताने उठला आणि तसाच गॅलरीत जाऊन उभा राहिला. समोरच्या इमारतीत, शेजारच्या इमारतीत, सगळ्या गॅलऱ्यांत माणसं उभी. कुणाच्या हातात ताट, कुणाच्या तोंडात दात घासायचा ब्रश, एक बाई अर्धवट नेसलेल्या साडीत. विमान उतरून समुद्राच्या दिशेला दिसेनासं झालं तरी माणसं तशीच वर बघत होती. मग सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, “बसा आता, जेवण गार होतंय. विमानच आहे, देव नाही.” पण त्याही खाटेवर उठून बसल्या होत्या.

“या ना आत. का मी बाहेर थांबू?” पाहुणी म्हणाली. नाकताई आत गेली आणि दाराशीच खिळली.

खोली वापरलेली होती. एवढंच, पण तिला ते सगळं एकदम दिसेना, एकेक करून घ्यावं लागलं. खुर्चीच्या पाठीवर पिळून टाकलेला टॉवेल. फरशीवर बाथरूमकडून खिडकीकडे गेलेली ओली पावलं, पाच, सहावं वाळलेलं. पेल्याच्या काठावर ओठांची खूण. बशीत फळाची सालं आणि त्यांतच खोचलेला चमचा. पांघरूण पायाने ढकलून एका बाजूला ढीग केलेलं, आणि गादीवर, जिथे काल तिने तळहाताने सुरकुती न् सुरकुती काढली होती तिथे, एक मोठा, मऊ, माणसाच्या अंगाचा खळगा. उपडं ठेवलेलं पुस्तक. टेबलाच्या कोपऱ्यावर एक खोटी दाढ, काढून ठेवलेली. सव्वीस वर्षांत असल्या खोल्या तिने हजारोंनी पाहिल्या होत्या आणि प्रत्येक वेळी जिभेने ‘च्च’ केलं होतं. एका रात्रीत एक माणूस केवढं करतो, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. जिथे जाईल तिथे स्वतःला सांडत जातो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते टॉवेल उचलायचं निमित्त करून लपवलं. टॉवेल जड होता. किती महिन्यांनी तिने जड टॉवेल हातात धरला होता.

“एक विचारू का?” पाहुणी बिछान्याच्या कडेला बसली. “रागावू नका. या खोलीला वास आहे.”

नाकताईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

“मी मघाशी खाली फोन केला. तुमचे साहेब म्हणाले, वर येतो.”

आता हे समजायचं तर तिचं नाव समजलं पाहिजे. नाकताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. फार वर्षांपूर्वी, ती नुसती झाडू-पोछ्याला होती तेव्हा, पहिल्या मजल्यावरून जाताना तिने एकशे आठच्या भिंतीपाशी थांबून सांगितलं होतं की आत नळी फुटली आहे. सगळे हसले. भिंत कोरडी ठणठणीत. मिस्त्रीने तिच्याशी पैज लावून भिंतीलगतची फरशी उकरली, आणि आत बोटभर पाणी निघालं. तेव्हापासून ती नाकताई. कुठल्या खोलीत चोरून सिगारेट ओढली, कुठल्या गादीत ओल शिरली, कुठला टॉवेल नीट न वाळवता घडी घातला, हे तिला जिन्यातून कळे. पुढे सगळ्या खोल्यांची देखरेख तिच्याकडे आली ती त्या नाकाच्या जोरावर. तिने खोलीत जाऊन एकदा श्वास घेतला आणि ‘ठीक’ म्हटलं की मॅनेजर सही करत. ते मागे म्हणतही, “आपल्याकडे लिफ्ट जुनी आहे, पण नाक अव्वल आहे.”

ते नाक गेलं त्याला आता चौदा महिने झाले होते. तोच तो ताप, सगळ्यांना येऊन गेला तो. आठ दिवस ती घरी पडून होती, नवव्या दिवशी कामावर आली, फिनेलच्या बाटलीचं बूच काढलं आणि बादलीत ओतलं. पाणीच ओतल्यासारखं. तिने आणखी ओतलं. मिस्त्री डोळे पुसत आत आला. “ताई, आज कुणाचा जीव घ्यायचाय?” तेव्हा ती त्याच्याबरोबर हसली आणि हसता हसता बाटली नाकाशी नेऊन बघितली. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल. कुणाला महिन्यात येतो, कुणाला वर्षात. आणि नाही आला तर? तर अत्तराचा खर्च वाचला, डॉक्टर म्हणाले. तिने कुणाला सांगितलं नाही. घरी भाजी करपली की नवरा म्हणायचा, लक्ष कुठे असतं तुझं. ती म्हणायची, तुमच्याकडे. पण हॉटेलात काय म्हणणार? मग ती हाताने खोल्या तपासू लागली. गादीखाली पालथा तळवा घालायचा. उशी गालाला लावायची. पडदा पडद्यावर घासून कानाशी धरायचा. कोरडं कापड बोलतं, दमट कापड गप्प बसतं. आणि प्रत्येक कपाटात एक काडी ठेवायची, साधी आगपेटीतली काडी. पुढच्या खेपेला ती पहिल्या घासणीला पेटली तर खोली कोरडी. नाही पेटली तर खिडक्या दिवसभर उघड्या. आणि एवढं करून शंका राहिलीच तर मिस्त्रीचं तोंड. ती त्याला मुद्दाम पुढे घाली आणि त्याच्या नाकपुड्यांकडे बघत राही. त्याने कधी काही विचारलं नाही. पण काही दिवसांनी तिच्या ध्यानात आलं, की कुठल्याही खोलीत शिरताना मिस्त्री आता उगाचच मोठ्याने नाक ओढतो आणि मग तिच्याकडे वळून, जणू आपलं आपल्याशीच, म्हणतो, “बरी आहे.” किंवा, “जरा कुबट.” महिन्यापूर्वी त्याला मालकांनी रजा दिली. हॉटेल उघडलं की बोलावू म्हणाले. तो मुलीकडे गेला, आणि त्याच्याबरोबर तिचं उसनं नाकही गेलं.

आणि मग हॉटेल उघडलं. चाळिसातली अकरा माणसं परत घेतली. मॅनेजर एकावर एक दोन मास्क लावून, हातात कपाळावर धरायचं तापमापक पिस्तूल आणि काखेत यादी घेऊन मजल्यामजल्यावर फिरले. त्यांनी सगळ्यांना एकत्र उभं करून सांगितलं, “मालकांचं एकच म्हणणं आहे. पहिल्या पाहुण्याची पहिली तक्रार ज्याच्या कामाची, तो बारावा.” म्हणजे बाहेरच्यांत. धमकी म्हणून त्यांनी ते सांगितलं नसावं. ते स्वतःच घाबरलेले होते. मग खोल्यांची तपासणी. प्रत्येक दाराशी ते थांबत आणि दोन मास्कांच्या आतून विचारत, “काय म्हणतं नाक?” ती आत जाई, सवयीने एक दीर्घ श्वास घेई, ज्यात काहीच नसे, पाण्याच्या पेल्यात पाणी नसावं तसा तो श्वास, आणि गादीखालून तळवा काढून म्हणे, “ठीक.” त्रेपन्न वेळा ती ठीक म्हणाली. तळव्याने ती खोटं बोलत नव्हती. नाकाने बोलत होती.

चोपन्नावी खोली दोनशे चौदा. रजिस्टरमध्ये तिच्यापुढे दोन वर्षं तिने लिहून ठेवलं होतं, ‘नळ गळतो’. बाहेरून आणलेल्या नळवाल्याने नळ उघडला, बंद केला, खालून बोट फिरवलं आणि म्हणाला, “कुठे गळतोय?” मॅनेजर खूश झाले, इथेही नाकाला विचारलं, आणि इथेही तिने ‘ठीक’ म्हटलं. दोन बाजूंनी समुद्र दिसणारी हॉटेलातली सगळ्यात चांगली खोली. पहिल्या पाहुणीला हीच द्या.

नळ गळतो असं का लिहिलं होतं, ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. घर दोन खोल्यांचं. बंदीच्या दिवसांत त्यात नवरा, गाडी नाही म्हणून दिवसभर खिडकीत. दोन मुलं, शाळा नाही म्हणून एका मोबाइलवर भांडत. सासूबाई आणि त्यांचा खोकला. प्रत्येकाची हाक तिच्याच नावाची. सगळ्या खोल्यांची फेरी झाली की ती शेवटी दोनशे चौदात यायची. दार वाजवायची, दहा मोजायची, आत जाऊन कडी लावायची. पहिल्यांदा नुसती खुर्चीत बसली, पाच मिनिटं. मग घरून थर्मासमध्ये चहा आणू लागली. मग एक दिवस पाय वर घेतले. मग आपली चादर आणून गादीवर टाकली आणि आडवी झाली. रोज तासभर, आणि त्या तासाला निमित्त म्हणून रजिस्टरमध्ये ‘नळ गळतो’. तिथे ती काही करत नसे. समुद्र बघे, तोही नीट नाही. सव्वीस वर्षं ज्या गाद्या तिने दुसऱ्यांसाठी ताणल्या त्यांतल्या एकीवर पडून ती छताकडे बघे आणि आपण कुणीच नाही असं तिला वाटे. बायको नाही, आई नाही, सून नाही, ताई नाही. ते वाटणं इतकं सुखाचं होतं की तिला त्याची भीती वाटायची. आणि तास झाला की ती उठून स्वतःला पुसून काढायची. चादर घडी, थर्मास पिशवीत, उशीवरचा केस चिमटीत, पेल्यावरचा बोटाचा ठसा कोरड्या फडक्याने, गादीवरचा खळगा तळव्याने. माणूस राहून गेला हे पुढच्या माणसाला कळू न देणं हेच तर तिचं हातखंडा काम होतं. ते तिने स्वतःवरही केलं, दररोज, दोन वर्षं. डोळ्यांना दिसेल असं काहीही तिने मागे ठेवलं नव्हतं.

डोळ्यांना. ओला टॉवेल छातीशी धरून उभी असताना तिला आत्ता कुठे हे दिसलं. पहिल्या दहा महिन्यांत नाक होतं, तेव्हा स्वतःचा वास स्वतःला येतो कुणाला. आणि नंतर नाकच नव्हतं.

मॅनेजर आले. दाराबाहेर थांबून त्यांनी सवयीने पिस्तूल वर केलं, पाहुणीकडे बघून लाजून खाली केलं. “काय तक्रार आहे, मॅडम?”

“अहो, तक्रार कसली,” पाहुणी म्हणाली. “मी एवढंच विचारत होते, ही कुणाची राहती खोली तर नाही ना? चुकून मला दिलीत की काय. उगाच कुणाला उठवलं असं नको व्हायला.”

“राहती? छे. दोन वर्षं बंद होती.”

“मग वास कसा?”

मॅनेजर नाकताईकडे वळले. मास्कवरून फक्त त्यांचे डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत विनवणी होती. “ताई, तुम्ही सांगा. तुम्हीच तपासलीत ना? आहे का वास?”

नाही म्हणायचं. एवढंच करायचं होतं. तिने नाही म्हटलं असतं तर पाहुणी भल्या स्वभावाची होती, बरं म्हणून गप्प बसली असती. मॅनेजरांच्या नाकावर दोन थर होते. खोली बदलून दिली असती, संध्याकाळपर्यंत धुऊन काढली असती, आणि अकरा माणसांत ती राहिली असती. तिने नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि तिला एकदम प्रचंड उत्सुकता वाटली. भीतीपेक्षा मोठी. दोन वर्षं ज्या खोलीत ती कुणीच नव्हती त्या खोलीत काहीतरी उरलं होतं, दुसऱ्या माणसाला ते रात्रभर कळत होतं, आणि जगात एकटी तीच अशी होती की जिला ते कळायची सोय नव्हती.

“कसला आहे?” तिने पाहुणीला विचारलं. “वास कसला आहे ते सांगा ना.”

मॅनेजर म्हणाले, “ताई, मी तुम्हाला विचारतोय.”

“साहेब, माझं नाक गेलंय. चौदा महिने झाले. फिनेल की पाणी तेसुद्धा कळत नाही मला. खोल्या मी हाताने तपासल्यात.” मग, आता सुरुवात झालीच आहे तर, म्हणून ती पुढे म्हणाली, “आणि नळ गळत नव्हता. मी रोज तासभर इथे येऊन पडत होते.”

बाहेर समुद्राचा आवाज होता, तो नेहमीसारखाच होता. मॅनेजरांनी यादी या काखेतून त्या काखेत घेतली. ती बघत होती त्यांच्या हाताकडे, पेन निघतं का. पेन निघालं नाही. त्यांनी कानामागे हात नेला आणि एक मास्क काढला, मग दुसरा. दोन वर्षांत तिने त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. मिशा होत्या त्या नव्हत्या, गाल आत गेले होते, आणि मास्कच्या कडांनी नाकाच्या दोन्ही बाजूंना कायमच्या रेघा पडल्या होत्या. एवढं उघडं तोंड तिने कधी कुणाचं पाहिलं नाही असं तिला वाटलं. ते आत आले, खोलीच्या मध्ये उभे राहिले, आणि पोहायला उतरण्याआधी माणूस घेतो तसा त्यांनी श्वास घेतला.

“चहा,” ते हळूच म्हणाले.

“चहा आहेच,” पाहुणी म्हणाली, “पण तो लाकडात आहे, त्या टेबलाच्या. केसांचं तेल उशीकडे. साधं, नारळाचं.”

“धुण्याचा साबण. वडीवाला.”

“आणि काडेपेटीसारखं काहीतरी. विझलेल्या काडीचं.”

“आणि घाम,” मॅनेजर म्हणाले, आणि ओशाळले. “म्हणजे, वाईट नव्हे. कामाचा.”

“आईच्या कपाटात डोकं घातलं की येतो तसा,” पाहुणी म्हणाली. “अहो, दोन वर्षं मी एकटी राहिले घरात. दार लावून. माझ्याशिवाय दुसऱ्या माणसाचा वास मला आलेला नाही. चार वेळा तिकीट पुढे ढकललं, आता काय जायचं, म्हणत होते. काल इथे दिवा मालवला आणि वाटलं, कुणीतरी आहे शेजारी. काय झोप लागली म्हणून सांगू.” तिने उशीवर थाप मारली. “ही बदलू नका. बाकी काय ते बदला.”

नाकताई भिंतीला टेकली. चहा, तेल, साबण, काडी, घाम. एकेक शब्द ती घेत होती आणि जागच्या जागी लावत होती, घडी घातलेल्या कपड्यांसारखा. म्हणजे मी होते. हे तिच्या मनात आलं आणि तिथेच थांबलं, त्याच्या पुढे काही येईना. कुणीच नसल्याच्या सुखात ती रोज तासभर इथे पडायची, उठून स्वतःला पुसायची आणि घरी जायची. आणि इथे ही खोली, गादी, टेबल, उशी, तिला कणाकणाने साठवून ठेवत होती. तिने वर बघितलं. छत तेच होतं. तरी तिला देवळात आल्यासारखं वाटलं, आणि आत कोण आहे हे विचारायची लाज वाटली.

जिन्यात मॅनेजर पुढे, ती मागे. ते एक मजला उतरले. मग म्हणाले, “मालकांना हे कळलं तर माझी सही आहे चोपन्न खोल्यांवर.”

“हो.”

“हाताने म्हणजे कसं?”

तिने कपाटातली काडी सांगितली. पडदे सांगितले. त्यांनी लगेच एकशे नऊ उघडून काडी ओढली, पेटली. एकशे दहा, पेटली. एकशे अकरा, पेटली. चौथ्या खोलीत त्यांनी काडी न ओढता पडदे एकमेकांवर घासले, कानाशी धरले, आणि त्यांच्या त्या उघड्या तोंडावर असं काही आलं की तिने नजर वळवली. “बोलतंय,” ते म्हणाले. मग बराच वेळ यादीकडे बघून, “तक्रार: नाही. मॅडम स्वतः म्हणाल्या ना, तक्रार कसली. पण दोनशे चौदात पुन्हा पडलात तर बघा.”

“नाही साहेब.”

“आणि रोज सकाळी मी येणार बरोबर. मिस्त्रीला बोलवून घेईपर्यंत. नाक माझं, हात तुमचे.” दोन पावलं जाऊन ते थांबले. “तशी माझी सर्दी जुनी आहे. कुणाला सांगू नका.”

दुपारी तिने मिस्त्रीला फोन लावला. बोलावणं येणार आहे हे सांगितलं, आणि मग विचारलं, दोनशे चौदाला वास येतो हे तुम्हाला ठाऊक होतं का. तिकडे मुलीच्या घरात पोरं ओरडत होती. “येत होता की,” तो म्हणाला. “मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.”

“बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं त्यात? ताई, तुम्ही तापात होता ना, ते आठ दिवस. चोपन्न खोल्या आणि मी एकटा. त्या इमारतीत एकट्याने नळ सोडत हिंडायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मी काय करायचो, दिवसातून एकदा दोनशे चौदा उघडायचो. आत जात नव्हतो हं. दारातच उभा राहायचो जरा. ताई आहेत असं वाटायचं. मग पुढचे नळ सोडायचो.” आणि लगेच, “पण तिथे पडून घोरायचात तुम्ही. ते मात्र खालच्या मजल्यापर्यंत यायचं.”

“गप्प बसा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर मास्क हनुवटीखाली ओढून तिच्या मागोमाग दुसऱ्या मजल्यावर आले. काल संध्याकाळच्या विमानाने आणखी नऊ पाहुणे उतरले होते. मजल्यावरच्या सहा दारांबाहेर चपला, एका दाराबाहेर पोराचं फुगवायचं बदक. दोनशे चौदापाशी ती थांबली. तीन वेळा दार वाजवलं, ‘हाउसकीपिंग’ म्हटलं आणि मोजू लागली. एक, दोन. आतून उत्तर आलं नाही. तीन, चार, पाच. तिने तळवा दारावर ठेवला. तेव्हा भिंतीच्या आत, दोन वर्षं फक्त तिच्याच हाताने वाहिलेल्या नळीत, पाणी धावत सुटलं. मग शेजारच्या खोलीतून, मग वरून, मग पलीकडून, सगळ्या भिंतींतून एकदम. ती मोजायचं विसरली. मॅनेजर काही विचारणार होते, त्यांना तिने हातानेच थांबवलं. आत कुणीतरी अंघोळ करत होतं, आणि नळ तिने सोडलेला नव्हता.